ठोकळे, बाण, तारा आणि वहिनी

मठ्ठ माणूस नावाची चीज देवानं घडवलेलीच नाही, असं छातीवर हात ठेवून सांगणारी अख्ख्या नवी मुंबईत एकच व्यक्ती होती, आणि ती आमच्या घरात होती. ती म्हणजे माझी थोरली वहिनी. मी अकरावीत गणितात गटांगळ्या खात असताना ती लग्न होऊन आमच्याकडे आली. आल्याच्या चौथ्या दिवशी तिनं माझी वही उघडली, दोन पानं चाळली आणि ‘भावोजी, तुम्ही मठ्ठ नाही, तुम्हाला चुकीच्या बाजूनं शिकवलंय,’ असं म्हणून पोळपाटावरच्या पिठात बोटानं त्रिकोण काढून दाखवला. तव्यावरची पोळी करपली. आईनं स्वयंपाकघरातून मला हाकललं, वहिनीला नव्या सुनेची सूट मिळाली. गणितात मी पुढंही नापासच झालो, पण त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी माझी बाजू घेतली होती, म्हणून त्या दिवसापासून मी तिचा भक्त झालो तो आजतागायत आहे.

पुढं ती नेरूळच्या एका शाळेत कॉम्प्युटरची बाई झाली आणि तिच्या सिद्धांताला हक्काची जागा मिळाली. लॅबला ती लॅब म्हणत नसे, ओपीडी म्हणायची. मूल अडलं की इतर बाई ‘अभ्यास केला नाहीस का?’ असं विचारतात. वहिनी ‘कुठं दुखतंय?’ असं विचारायची. आता कॉम्प्युटरला काम सांगायचं म्हणजे ते पायरीपायरीनं लिहून द्यावं लागतं, आणि एखादं टिंब राहिलं तरी ते यंत्र रुसून बसतं. म्हणून शिकणाऱ्यांसाठी चित्रांतून प्रोग्राम करायची साधनं निघाली. बाकीच्या शाळा त्यातलं एखादं घेतात आणि पहिलीपासून दहावीपर्यंत तेच दामटतात. वहिनीकडे चार होती. रंगीत ठोकळे होते, ते एकमेकांत अडकवले की सूचना तयार. हे टायपिंग आणि स्पेलिंगला घाबरणाऱ्यांसाठी. कासव होतं, सांगाल तसं चालणारं आणि चालता चालता रेघ ओढणारं. हे ज्यांना केल्याचं फळ ताबडतोब दिसल्याशिवाय धीर धरवत नाही त्यांच्यासाठी. बाण होते, म्हणजे चौकटी आणि एका चौकटीतून दुसरीकडे नेणारे बाण. हे ‘असं असेल तर तसं कर, नाहीतर भलतंच कर’ या भानगडीत वाट चुकणाऱ्यांसाठी. आणि तारा होत्या, म्हणजे डबे आणि डब्यांना जोडणाऱ्या तारा. हे ज्यांना माहिती कुठून येते आणि कुठं जाते याचा पत्ताच लागत नाही त्यांच्यासाठी. प्रत्येक मुलाचा एक केसपेपर होता. त्यावर तक्रार, निदान आणि साधन असे तीन रकाने असत, आणि चौथा रकाना ‘पथ्य’. एका मुलाच्या पथ्याच्या रकान्यात तिनं ‘याला मोठ्या भावाची मदत वर्ज्य’ असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय.

तिच्या निदानाच्या गोष्टी सांगाव्यात तेवढ्या थोड्या. सातवीतल्या एका मुलीला चौकोन काढायचा होता, तर तिनं ‘पुढं जा, वळ, पुढं जा, वळ’ असं सरळ चार वेळा लिहिलं. चौकोनाचं ठीक आहे. पण वहिनीनं छत्तीस बाजूंची आकृती सांगितली तरी ती कार्टी न कुरकुरता छत्तीस वेळा लिहून मोकळी झाली. एकच सूचना पुन्हा पुन्हा चालवायला सांगता येते, ज्याला लूप म्हणतात, हे तिच्या गळी उतरेना. दुसऱ्या बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं असतं. वहिनी घरी आली ती आनंदानं हातवारे करत. ‘भावोजी, पोरगी मठ्ठ नाही, कष्टाळू आहे! कष्टाळू माणसाला लूप कशाला लागेल? तिला आधी आळशी करायला पाहिजे.’ मग दुसऱ्या दिवशी तिनं त्या मुलीला कासवापुढं बसवून तीनशे साठ बाजूंची आकृती दिली. ऐंशीव्या ओळीला मुलीचं बोट दुखलं, शंभराव्या ओळीला तिनं घड्याळाकडे पाहिलं, आणि एकशे दहाव्या ओळीला ‘बाई, हे त्यालाच परत परत करायला सांगता नाही का येत?’ असं विचारलं. वहिनीनं आनंदानं टाळी वाजवली आणि केसपेपरवर लिहिलं, ‘आळस सुरू झाला. प्रकृतीत सुधारणा.’ हा शेरा पालकसभेत मुलीच्या वडिलांच्या हाती पडला, तेव्हा त्यांना समजावताना मुख्याध्यापिकांना घाम फुटला म्हणतात.

चुकीचं साधन दिलं की ‘रिअॅक्शन’ येते, असंही तिचं ठाम मत होतं. एक मुलगा दुसऱ्या शाळेतून आला होता. तो धडाधड टाईप करायचा, चुका त्याचा तोच शोधायचा. पण आधीच्या शाळेत त्याला तीन वर्षं ठोकळेच खेळवले होते. लॅबमध्ये आला की हा मुलगा झोपायचा. नुसती डुलकी नाही, चांगला घोरायचा. वहिनीनं त्याची पापणी वर करून पाहिली (हे ती खरोखर करायची) आणि जाहीर केलं, ‘ठोकळ्यांची रिअॅक्शन. ज्याला चष्मा लागलेलाच नाही त्याला तीन वर्षं चष्मा घालून ठेवलाय.’ त्याचे ठोकळे त्याच दिवशी बंद झाले आणि तो जागा झाला, तो इतका की नंतर त्याला गप्प बसवायला वेगळं पथ्य लिहावं लागलं. एकदा एक आई तणतणत आली, ‘मॅडम, समोरच्या शाळेत मुलं खरं कोडिंग करतात आणि आमचा अजून चित्रं सरकवतोय. किती टेन्शन येतं माहितीये?’ वहिनीनं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, ‘तुम्हाला स्वतःला कुठं दुखतंय?’ त्या बाई अर्ध्या तासानं बाहेर पडल्या त्या हातात स्वतःचा केसपेपर घेऊन. त्यांचं निदान ‘तुलना’ असं झालं होतं आणि साधन ‘कासव’.

हे सगळं शाळेपुरतं राहिलं असतं तर आम्ही सुखी असतो. पण वहिनीच्या अंबाड्यात खोचलेलं मार्कर पेन घरी आल्यावरही निघत नसे. आम्ही एकाच सोसायटीत राहायचो, ती आणि दादा चौथ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. एका रविवारी मी वर गेलो तर हॉलभर सुतळ्या ताणलेल्या. दूधवाल्याच्या पिशवीपासून पातेल्यापर्यंत एक सुतळी, पातेल्यापासून फ्रिजपर्यंत दुसरी, फ्रिजपासून दादाच्या खुर्चीपर्यंत तिसरी. घरातलं दूध नेमकं कुठं संपतं हे तिला तारांच्या पद्धतीनं शोधायचं होतं. दादा त्या जाळ्याच्या मध्यभागी पेपर वाचत बसला होता. मी म्हटलं, ‘दादा, हे काय रे?’ तो पेपरातून मान वर न करता म्हणाला, ‘हिच्याशी लग्न झाल्यापासून मी फक्त आउटपुट आहे.’ हळदीकुंकवाला सगळ्या बायका वाण म्हणून वाट्या-डबे देतात. वहिनीनं एका वर्षी लॅमिनेट केलेले बाणांचे तक्ते दिले, ‘पाहुणे आले तर’ या विषयावर. ‘जेवून आलेत का? नाही. खरंच नाही की संकोच?’ अशा चौकटी आणि प्रत्येक चौकटीतून निघणारे बाण. बायका हसल्या, पण त्यातले निदान तीन तक्ते मी अजून सोसायटीतल्या स्वयंपाकघरांत चिकटवलेले पाहतो. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना ती आधी विचारायची, ‘तुम्हाला खुणांनी सांगू की वळणांनी?’ आणि बिचारा रिक्षावाला गोंधळला की समाधानानं म्हणायची, ‘खुणांनी. यांना कासव चालणार नाही.’

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण यापुढं ते टाळता येणार नाही. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पंचवीस वर्षं काम करतो. कुठल्या ट्रकमध्ये कुठल्या सळ्या आणि कुठले पत्रे कुठल्या क्रमानं भरायचे ते ठरवणं हे माझं काम. शेवटच्या गिऱ्हाइकाचा माल आधी चढवायचा, पहिल्या गिऱ्हाइकाचा सगळ्यात शेवटी, म्हणजे उतरवताना खालचं वर काढावं लागत नाही. हे मी झोपेतही करू शकतो. पण मोबाईलवर गॅस नोंदवायचा म्हटलं तर मला घाम फुटतो. एटीएमनं ‘सेव्हिंग्ज की करंट?’ विचारलं की मी मागच्या माणसाकडे बघतो. वहिनी मला प्रेमानं ‘माझी राखीव केस’ म्हणायची. ‘तुम्हाला मी शेवटी घेणार आहे, भावोजी. हात बसल्यावर.’

ती वेळ अशी आली. शाळेच्या कमिटीनं ठरवलं की लॅबमधला हा चार साधनांचा पसारा बंद करायचा आणि एका कंपनीचं एकच पॅकेज घ्यायचं, पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना तेच. पॅकेज ठोकळ्यांचंच होतं, पण देखणं. ठोकळा जागेवर बसला की टुणकन आवाज यायचा. कंपनीचा माणूस टाय लावून आला आणि ‘वन सोल्युशन, सर’ हे तीन शब्द त्यानं इतक्या वेळा उच्चारले की शिपायालाही पाठ झाले. कमिटीचे अध्यक्ष जुन्या गावातले, शाळेची जागा त्यांच्याच भावकीची. माणूस सरळ आणि व्यवहारी. ते वहिनीला म्हणाले, ‘बाई, तुमी चांगलं शिकवता, आमाला माहीत हाय. पन चार चार कशाला? एकान भागत असंल तर चार कोन सांभाळील?’ वहिनी म्हणाली, ‘एकात सगळ्यांचं नाही भागत, साहेब. वर्गात दोन-तीन मुलं अशी असतातच, ज्यांना ते एक लागू पडत नाही. ती मागं पडतात आणि मग आपण त्यांना मठ्ठ म्हणतो.’ ‘मंग दाखवा,’ अध्यक्ष म्हणाले. ‘दिसलं तर ठेवू चारी. नाय दिसलं तर एक.’ महिन्याभरानं कमिटीपुढं दाखवायचं ठरलं. मुलांवर दाखवण्यात अर्थ नव्हता, कारण तिची सगळी मुलं आधीच बरी झालेली. तिला एक ताजा, अस्सल, कशानंही न सुधारलेला माणूस हवा होता. ती जिना उतरून तिसऱ्या मजल्यावर आली.

पहिल्या संध्याकाळी सातच्या सुमारास तिनं मला त्या कंपनीनं नमुन्याला दिलेल्या ठोकळ्यांपुढं बसवलं आणि साधं काम दिलं: दिवा अंधार झाला की लागला पाहिजे, पण घरात कुणी असेल तरच. मी ठोकळे लावत गेलो. टुण, टुण, टुण. वीस मिनिटांनी माझा दिवा भर दुपारी, रिकाम्या घरात, उघडझाप करू लागला. मी ओशाळून वहिनीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘भावोजी, फारच छान! इतका शुद्ध नमुना मला वीस वर्षांत मिळाला नाही!’ माझ्या अपयशाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं, मी लाजलो. तिचं निदान होतं की मला सूचना कळतात, क्रम कळतो, पण ‘तर’ आणि ‘नाहीतर’ एकात एक शिरले की माझी वाट चुकते, आणि ठोकळ्यांत वाट दिसतच नाही, नुसते रंग दिसतात. ‘तुम्हाला बाण पाहिजेत,’ ती म्हणाली. ‘आणि हे ठोकळे आता महिनाभर बघायचेसुद्धा नाहीत. कमिटीपुढं आधी ठोकळ्यांवर नापास व्हायचं, मग बाणांवर पास. जमेल ना?’ नापास व्हायचं म्हटल्यावर मी निर्धास्त झालो. त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग तीन आठवडे मी ऑफिसातून आलो की हातपाय धुवून वर जायचो. वहिनी मला बाण शिकवायची, आणि शिकवताना माझ्याच धंद्यात शिरायची. ‘समजा ट्रक कळंबोलीहून निघाला. पुढं रस्ता बंद आहे का? हो म्हटलं तर इकडं, नाही म्हटलं तर तिकडं. आता तिकडं गेल्यावर परत विचारा.’ माझ्या डोक्यात पहिल्यांदाच त्या ‘नाहीतर’ला रस्ता मिळाला. सुरुवातीला माझे बाण जिथून निघायचे तिथंच येऊन पोचायचे आणि ट्रक रात्रंदिवस कळंबोलीलाच फिरत राहायचा. वहिनी म्हणायची, ‘डिझेल संपेल, भावोजी, कुठंतरी उतरा.’ पण दुसऱ्या आठवड्यात मी दिवा नीट लावला. तिसऱ्या आठवड्यात मी दादाच्या गोळ्यांच्या वेळा, पाहुण्यांचा चहा आणि लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबावी हेसुद्धा मांडून दाखवलं. मला झालेला आनंद सांगता येण्यासारखा नव्हता. ऑफिसात मी ड्रायव्हर लोकांना बोलावून बोलावून कागदावर बाण काढून दाखवू लागलो. एक जुना ड्रायव्हर म्हणाला, ‘शेठ, तबियत ठीक है ना?’ पन्नाशीला आलेल्या माणसाला अचानक अक्कल फुटते तेव्हा आजूबाजूच्यांना काळजी वाटणं साहजिक आहे. वहिनी मात्र रोज संध्याकाळी माझी चौकट न् चौकट तपासायची आणि दारापर्यंत सोडायला यायची. एक गोष्ट मात्र तिनं तपासली नाही, आणि तिच्यासारख्या बाईनंच ती विसरावी याचं मला अजून नवल वाटतं. बरं झालेल्या माणसाचं औषध बंद करायचं असतं, हे तीच जगाला सांगत आली होती. पण मी किती बरा झालोय, हे तिनं एकदाही पाहिलं नाही.

कमिटीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. लॅबमध्ये अध्यक्ष, मुख्याध्यापिका, टायवाला आणि मागं उत्सुक शिक्षकांची रांग. वहिनीनं माझी ओळख करून दिली, ‘हे माझे दीर. यांना कॉम्प्युटरमधलं काहीही येत नाही,’ आणि हे ती इतक्या अभिमानानं म्हणाली की मीही छाती पुढं काढली. काम अध्यक्षांनी स्वतः दिलं, म्हणजे कुणाचं आधी ठरलेलं नको. ‘आमच्या बिल्डिंगीत रोज पानी वाया जातंय. वाचमन पंप चालू करतो नि विसरतो. वरची टाकी भरली का पंप बंद झाला पायजे. खाली आली का चालू. बनवा.’ ठरल्याप्रमाणं आधी मला कंपनीच्या ठोकळ्यांपुढं बसवलं. टायवाल्यानं घड्याळ लावलं. वहिनी माझ्यामागं उभी होती, आणि मी नापास होण्याची ती किती आतुरतेनं वाट पाहत होती हे मला तिच्या श्वासावरून कळत होतं.

मी नापास व्हायलाच बसलो होतो, हे शपथेवर सांगतो. एक ठोकळा उगाच उचलून मी भलतीकडे नेलादेखील. पण समोर पाण्याची टाकी होती! आमच्या सोसायटीतही तीच रड. गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः गच्चीवर जाऊन ओव्हरफ्लो बंद केला होता. माझ्या मनात आपोआप एक चौकट उभी राहिली, ‘वरची टाकी भरली का?’ तिच्यातून दोन बाण निघाले, एक ‘हो’चा आणि एक ‘नाही’चा. आणि पडद्यावरचे ते रंगीत ठोकळे मला एकदम ओळखीचे वाटायला लागले. हा ठोकळा म्हणजे ती चौकट, हा म्हणजे तो बाण, आणि याच्या पोटात तो दुसरा. टुण. टुण. टुण. मी इतका रंगलो की कमिटी, टायवाला, नापास व्हायचं कंत्राट, सगळं सगळं विसरलो. पंप सुरू झाला, पाणी वर चढलं, टाकी भरली, पंप थांबला. टायवाल्यानं टाळ्या वाजवल्या. ‘फोर मिनिट्स, सर! वन सोल्युशन!’

टाळ्या ऐकून मी भानावर आलो आणि मान वळवून वहिनीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. अध्यक्ष म्हणाले, ‘बाई, यांना तर येतंय की.’ वहिनी पुढं आली, माझ्या खांद्यावरून वाकून तिनं पडदा नीट न्याहाळला, एकेक ठोकळा बोटानं तपासला, जशी चौथ्या मजल्यावर रोज तपासायची. मग तिनं विचारलं, ‘आणि खालची टाकी रिकामी असेल तर?’ मी म्हटलं, ‘मग पंप सुरूच करायचा नाही, वहिनी. मोटर जळते. तो ठोकळा मी आतमध्ये टाकलाय, बघ ना, या ‘नाहीतर’च्या पोटात.’ तिनं पाहिलं. तो तिथं होता. अध्यक्षांनीही सांगितला नव्हता, कुणीही सांगितला नव्हता, मीच टाकला होता. आणि माझी वहिनी, जिची अख्ख्या वीस वर्षांची लॅब त्या क्षणी माझ्यामुळं हातातून चालली होती, ती सगळ्या कमिटीसमोर ‘शाबास, भावोजी!’ असं इतक्या मोठ्यांदा ओरडली की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

नंतर ती बरंच बोलली. हे महिन्यापूर्वी याच ठोकळ्यांवर नापास झाले होते, आधी बाण मिळाले म्हणून आज ठोकळे कळले, बाण मिळाले नसते तर हे आयुष्यभर स्वतःला मठ्ठ समजत राहिले असते, हे तिनं परोपरीनं सांगितलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘असंल, बाई. तुमी खोटं नाय बोलनार. पन मी पाह्यलं ते हेच का एकान झालं.’ त्यांचंही काही चुकलं नव्हतं. दाखवा म्हणाले होते, आणि मी दाखवलं होतं. पुढच्या महिन्यात कासव गेलं, तारा गेल्या, बाण गेले. केसपेपरांची फाईल वहिनीनं घरी आणली.

त्या दिवशी शाळेतून आम्ही दोघं चालतच निघालो. स्टेशनजवळ उसाच्या रसाच्या गाडीपाशी ती थांबली आणि तिनं दोन ग्लास सांगितले. मी म्हटलं, ‘वहिनी, चुकलं माझं. मला थांबायला पाहिजे होतं.’ ती म्हणाली, ‘मुद्दाम चुकला असतात तर मी तुमच्याशी बोलले नसते.’ मग ग्लास हातात तसाच धरून तिनं विचारलं, ‘एक सांगा. ठोकळे तुम्हाला कळले कसे? पहिल्या दिवसानंतर मी तर दाखवलेही नव्हते.’ मी म्हटलं, ‘ठोकळे मी कुठं बघत होतो? मला तर बाणच दिसत होते.’ ‘पडद्यावर बाण नव्हते, भावोजी.’ ‘नव्हतेच. पण मला दिसत होते.’ ती एकदम हसायला लागली, हसता हसता पदर डोळ्यांना लावला, आणि रसवाल्याला म्हणाली, ‘यांना अजून एक द्या. मोठा.’

त्यानंतर दोन वर्षं तिनं तेच पॅकेज मुकाट्यानं शिकवलं आणि मग ती निवृत्त झाली. आता दादा आणि ती लेकीकडे नाशिकला असतात. चौथ्या मजल्यावर भाडेकरू आलेत. भली माणसं आहेत, हॉलमध्ये काही ताणत नाहीत. फोनवर वहिनी माझ्या ऑफिसची चौकशी करते, सोसायटीच्या पंपाची करते, शाळेची कधी करत नाही. मधे त्या शाळेतले एक शिक्षक बाजारात भेटले. मी विचारलं, मुलं शिकतात का नीट? ते म्हणाले, ‘एकदम मस्त. दोन-तीन सोडली तर सगळी शिकतात.’ मी घरी आलो, पण ती दोन-तीन मुलं डोक्यातून जाईनात. त्यांची नावं काय, त्यांना कुठं दुखतंय, हे विचारणारं माणूस आता तिथं नाही, आणि ती विचारायची पद्धतच माझ्यामुळं बंद पडली. त्या दिवशी मी नापास व्हायला हवं होतं असं मला आजही वाटतं. वहिनीला मात्र तसं एकदाही वाटलं नाही, हे मला पक्कं माहीत आहे, आणि तेच मला जास्त लागतं.